पहिल्या सहात आल्यावर

आमच्या टीमने गोल केला की स्टेडियममध्ये असतील-नसतील तेवढे सगळे प्रेक्षक उठून नाचायचे, आणि कामठीकाका मांडीवर हात ठेवून बसून राहायचे. त्यांची नजर जाळीकडे नसायची. ती आधी कडेच्या पंचाच्या झेंड्याकडे, मग शिट्टीवाल्या पंचाच्या हाताकडे आणि शेवटी मैदानाच्या मध्याकडे जायची. चेंडू मधल्या ठिपक्यावर ठेवला गेला, समोरच्या टीमने खेळ पुन्हा सुरू केला, की मग काका उठायचे, टाळ्या वाजवायचे, "मान्य" म्हणायचे आणि बसायचे. तोवर बाकीचे नाचून दमलेले असायचे. त्यामुळे प्रत्येक गोलानंतर मिनिटभराने अख्ख्या स्टँडमध्ये एकच म्हातारा उभा राहून टाळ्या वाजवताना दिसायचा आणि पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे, की आता आणखी काय झालं.

"ऑर्डर हातात पडल्याशिवाय पेढे वाटायचे नसतात," ते मला सांगायचे. "मी लोकांची प्रमोशनं कॅन्सल होताना पाहिली आहेत. गोल काय चीज आहे?" आणि आमच्या टीमचे गोल इतक्या वेळा ऑफसाइड ठरायचे की त्यांना चूक म्हणायची सोय नव्हती. मी मात्र दरवेळी नाचायचे आणि दरवेळी तोंडघशी पडायचे.

मी सांगलीची. ऑडिटच्या नोकरीत बदली होऊन दिल्लीला आले आणि गाझियाबादला, वसुंधरामध्ये, एका सोसायटीत भाड्याने राहू लागले. एकटीच होते. एका संध्याकाळी लिफ्टमध्ये आईशी फोनवर बोलत होते, तर शेजारी उभे असलेले, स्वेटरवर मफलर गुंडाळलेले एक उंच गृहस्थ फोन संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "कुठल्या?" मी सांगली म्हटलं. त्यांचा चेहरा जरा पडला. "सांगलीत फुटबॉल नाही," ते म्हणाले. मग थोडा विचार करून, मला सांभाळून घेतल्यासारखं, "पण कोल्हापूर जवळ आहे तुमच्यापासून. तिथे आहे." पुढचा प्रश्न होता, "गाडी आहे का?"

गाडी होती. माझी पात्रता तेवढीच होती. त्या शनिवारी मी त्यांना घेऊन स्टेडियमला गेले आणि नंतरची आठ-नऊ वर्षं जातच राहिले.

काका मूळचे कामठीचे, नागपूरजवळच्या छावणीच्या गावचे. तिथे फुटबॉल हा खेळ नसून घरचा विषय आहे, लग्नकार्यासारखा. काका तारुण्यात तिथल्या एका क्लबातून डावीकडचे बॅक म्हणून बचावफळीत खेळले, मग परीक्षा देऊन क्लार्क म्हणून दिल्लीला आले, सरकारी क्वार्टर्समध्ये संसार केला, एका मिनिस्ट्रीतून सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. सोसायटीतले मराठी लोक त्यांना कामठीकाका म्हणत आणि त्यांच्या पत्नीला नुसतं काकू. काकाही स्वतःची ओळख करून देताना नाव सांगायचे, 'जय भीम' म्हणायचे आणि लगेच 'कामठी' म्हणायचे. ऐकणाऱ्याला कामठी माहीत नसली तर त्याच्याबद्दलचं त्यांचं मत तिथेच पक्कं व्हायचं.

आता टीमबद्दल सांगायला हवं, आणि सांगताना माझं डोकं फिरतं. दिल्लीच्या नावाची व्यावसायिक टीम, मोठ्या लीगमध्ये खेळणारी, घरचं मैदान एवढं मोठं की आम्ही त्यात तांदळातल्या खड्यांसारखे दिसायचो. मध्ये धावपट्टी, तिच्यापलीकडे मैदान, आणि त्याच्याही पलीकडे कुठेतरी चेंडू. गेटवर नाणी काढून घ्यायचे, पेन काढून घ्यायचे, पाण्याची बाटली काढून घ्यायचे. क्लबवाले स्टँड भरलेले दिसावेत म्हणून शाळांच्या बसेस भरून मुलं आणायचे, आणि मध्यंतराला बसेस निघायच्या. दुसऱ्या अर्ध्यात खेळाडूंना वाटत असेल की आपण काहीतरी फार वाईट केलं.

करायचेही. परदेशातून खेळाडू आणायचे तो गुडघे संपल्यावर. आपल्याकडचा एखादा चांगला निघाला की पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच शहराच्या जर्सीत, आणि आमच्याविरुद्ध गोल करताना. पुढे असलेली मॅच शेवटच्या पाच मिनिटांत घालवायची ही तर रीतच होती. दरवर्षी नवा कोच यायचा. काका म्हणायचे, "नवा साहेब आला की आधी टेबलं फिरवतो. काम नंतर." आणि खरंच, नवा कोच आला की बॅकवाला पुढे, पुढचा मध्ये, मधला बाकावर. दिवाळीपर्यंत टेबलं फिरत राहायची आणि नाताळपर्यंत कोच जायचा.

काका फुटबॉल जाणत होते, पण त्यांचे अंदाज बहुतेक चुकायचे. ज्याला ते "हा पोरगा चालेल" म्हणायचे तो हमखास लाल कार्ड घ्यायचा. तरी बसल्या जागेवरून ते स्पॅनिश आणि ब्राझिलियन खेळाडूंना नागपुरी मराठीत सूचना द्यायचे. "अबे, मधात कशाला खेळून राहिला? कडेने जा ना कडेने." दिल्लीत बाजारात, बसमध्ये, शेजाऱ्यांशी ते हिंदीतच बोलायचे. इथे का नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्याला हिंदी तरी कुठे समजते?"

हे सगळं विनोदीच राहिलं असतं, जर काकांनी एक अट घातली नसती. निवृत्त होताना ऑफिसच्या निरोपसमारंभात कुणीतरी विचारलं, आता गावी कधी? दिल्लीतल्या प्रत्येक मराठी सरकारी नोकराला हा प्रश्न विचारतात आणि प्रत्येकाकडे त्याचं उत्तर तयार असतं: मुलीचं लग्न झालं की, मुलाची परीक्षा झाली की. काकांच्या दोन्ही मुलींची लग्नं होऊन त्या पुण्याला आणि बेंगळुरूला गेल्या होत्या. नागपुरात फ्लॅट घेऊन झाला होता. काकूंनी तिथल्या खिडक्यांना पडदेसुद्धा लावून ठेवले होते. कारण काही उरलंच नव्हतं. टीम तेव्हा नवी होती, पहिल्या दोन-तीन मॅच जिंकली होती, आणि काका भर सभेत बोलून गेले, "टीम एकदा चॅम्पियन झाली की निघालो."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य सरकारी आश्वासनासारखं धरून ठेवलं आणि पाठपुरावा सुरू केला. पहिल्या वर्षीच लक्षात आलं की चॅम्पियन वगैरे होणं या टीमच्या नशिबात नाही. मग वाटाघाटी झाल्या. अट अंतिम सामन्यावर आली, पुढल्या वर्षी पहिल्या चारांवर. मी त्यांच्यात मिसळले तेव्हा ती पहिल्या सहांवर येऊन थांबली होती, कारण पहिल्या सहा टीम पुढच्या फेरीत जात. "सुधारित उद्दिष्ट," काका गंभीरपणे म्हणायचे. "आमच्या मिनिस्ट्रीत दरवर्षी करायचो." त्यापेक्षा खाली यायला मात्र ते तयार नव्हते. सहावे या, सामान बांधतो. सातवे आले तर नाही.

आमची टीम सातवी यायची. आठवी, दहावी आणि एकदा शेवटचीही आली, पण सातवी यायची ती वर्षं सगळ्यात वाईट.

काकूंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय हे काकांनी त्यांना वाट्या मांडून समजावलं होतं, त्यांनी वाट्या उचलून घासायला टाकल्या. पण लीगचा तक्ता त्यांना माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. टीमच्या नावाआधी आकडा काय आहे, एवढंच त्या बघायच्या. आम्ही मॅचहून परतलो की दारातच विचारायच्या, "कितवे?" कोण जिंकलं, कसं खेळले, काही नाही. गोव्याची टीम हरली की या घरात शिरा व्हायचा. कोलकात्याच्या मॅचच्या वेळी त्या टीव्हीसमोर माळ जपल्यासारख्या बसायच्या, कोलकाता हरावं म्हणून. काका चिडायचे. "दुसऱ्याच्या हरण्यावर काय खुश होऊन राहिली?" त्या शांतपणे म्हणायच्या, "तुमचे जिंकत नाहीत, तर मी काय करू?"

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दोघं नागपूरला जायचे, दीक्षाभूमीला. आठ-दहा दिवस फ्लॅट उघडायचा, झाडायचा, आणि परत यायचं. काकू जाताना एक जास्तीची बॅग नेत आणि येताना ती रिकामी आणत. एका वर्षी स्टीलचे मोठे डबे गेले. मग गोधड्या. मग पाटा-वरवंटा, जो गाडीत चढवताना माझी पाठ मोडली. माझ्या देखत ते घर पातळ होत गेलं. पाहुणे आले की बिनजोडीच्या कपांतून चहा मिळायचा, कारण चांगले कप नागपूरला होते. पोह्यांना झाकण म्हणून ताटली. एकदा मी किसणी मागितली तर काकू म्हणाल्या, "ती तिकडे आहे ग," इतक्या सहज, की मी स्वयंपाकघरात वळून पाहिलं. काकांना कशाचं काही वाटत नसे, किंवा ते तसं दाखवत. मला काकूंकडे बघून राग यायचा, आणि तो कुणावर काढावा ते कळत नसे.

मग ते वर्ष आलं. टीम कशी कुणास ठाऊक, पण नीट खेळायला लागली. कोच टिकला. शेवटची मॅच घरच्या मैदानावर होती आणि बरोबरी केली तरी सहावा नंबर पक्का होता. काकू म्हणाल्या, "मी येते." त्या आजवर स्टेडियमला आल्या नव्हत्या. त्यांनी नारिंगी काठाची साडी नेसली, वरून काकांचा स्वेटर घातला, आणि डबाभर सांबारवडी केली. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ही तिची तळलेली, मसालेदार वडी. गेटवर अर्थातच डबा अडवला.

"खाना अंदर अलाउड नहीं है, आंटी," गार्ड म्हणाला.

"तो आप खा लो," काकू म्हणाल्या आणि तिथेच डबा उघडला. आम्ही आत गेलो तेव्हा तिघे गार्ड भिंतीला टेकून वड्या खात होते आणि त्यांतल्या एकाने मागून हाक मारून सांगितलं, "आज जीतेंगे, आंटी." जिंकायची गरजच नव्हती.

आम्ही पहिल्या अर्ध्यातच गोल केला. मी नाचले. काका बसले. चेंडू मध्यावर आला, खेळ सुरू झाला, काका उठले आणि "मान्य" म्हणाले. काकूंनी विचारलं, "झालं?" काका म्हणाले, "अजून अर्धी मॅच आहे." त्यानंतर काकू दर थोड्या वेळाने "झालं?" विचारत राहिल्या. मध्यंतराला बसेस गेल्या. दुसऱ्या अर्ध्यात आमची अकराच्या अकरा माणसं स्वतःच्या गोलसमोर गर्दी करून उभी राहिली. काका ओरडत होते, "बाहेर निघा बे, बाहेर निघा." कुणी निघालं नाही. शेवटाकडे एक गोल झाला. बरोबरी. तरीही सहावे. मी काकूंचा हात धरला होता. मग जादा वेळात आमच्या बॅकने, डावीकडच्याच बॅकने, काही कारण नसताना चेंडू गोलकीपरकडे मागे ढकलला, तोही हळू. मधून त्यांचा एक धावत आला. पुढे काय झालं ते सांगायची माझी इच्छा नाही.

परतताना अक्षरधाम मागे पडलं. मग काका मागच्या सीटवरून म्हणाले, "पुढच्या वर्षी आठ धरू. पहिल्या आठात."

काकू समोर बघत होत्या. "तुम्ही बसा आठात नाहीतर दहात," त्या म्हणाल्या. "मी चालली."

आणि गेल्या. भांडण नाही, आदळआपट नाही. पंधरवड्यात त्यांनी उरलेली एक बॅग भरली आणि मला गाडी काढायला सांगितली. स्टेशनवर काका डब्याबाहेर उभे होते. काकू खिडकीतून म्हणाल्या, "सहावे आले की या." त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं, की माणसाने शब्द दिला आहे तर तो पुरा होईपर्यंत त्याला ओढू नये.

उन्हाळ्यात बातमी आली. मालकांनी टीम दुसऱ्या शहरात हलवायचं ठरवलं. नवं शहर, नवं नाव, नवा रंग. माझ्या फोनवर आलं ते मी काकांना वर जाऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "बदली झाली म्हणायची," ते म्हणाले. मग चष्मा पुसत, "बदलीची ऑर्डर निघते तेव्हा निदान एक कॉपी तरी देतात माणसाला."

आता अट पुरी व्हायचा प्रश्नच उरला नव्हता. मला वाटलं, चला, सुटले, आता जातील. काका हलले नाहीत. त्या रिकाम्या घरात दोन ताटल्या, एक कुकर आणि टीव्ही घेऊन बसून राहिले. मी रोज संध्याकाळी डबा घेऊन जायचे. ते अर्धा खायचे. काकूंचा फोन आला की "बरा आहे, बरा आहे" एवढंच म्हणायचे. एके दिवशी माझा संयम संपला आणि मी स्पष्टच बोलले, "काका, टीम गेली. आता कोणासाठी थांबलात? काकू तिकडे एकट्या आहेत. अटीचं काय घेऊन बसलात?"

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. "तिकडे जाऊन काय करू, सांग," ते म्हणाले. "माझ्यासोबत खेळलेलं कोणी राहिलं नाही कामठीत. गेलो की लोक म्हणतात, दिल्लीवाले साहेब आले. इथे चाळीस वर्षं राहून मी महाराष्ट्रवाला. बिल्डिंगमध्ये, बाजारात, सगळीकडे. त्या एका स्टेडियमात मी कुठला, हे कोणी विचारत नव्हतं." त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलला आणि तसाच खाली ठेवला. "मला भीती वाटते ग. तिथल्या ग्राउंडवर जाऊन उभा राहीन आणि कोणी ओळखणार नाही."

मी डबा घासून ठेवला आणि खाली आले.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी काकूंचा फोन मला आला. मी तेव्हा काकांकडेच होते. "स्पीकर लाव," काकू म्हणाल्या, "त्यांना विचारायचं आहे."

"इकडे कामठीला टूर्नामेंट सुरू झाली," त्या म्हणाल्या. "मी बसने जाऊन आली."

काका सरळ झाले. "तू? मॅच पाहायला?"

"हो. दोन दिवसांपासून जाऊन राहिली. बाया कोणीच नसतात, पण बसू देतात. खुर्ची दिली एकाने. एक टीम निळी आहे, एक पिवळी, आणखीही आहेत. खूप पळतात बाप्पा. पण मला एक कळत नाही. आपली टीम कोणती?"

काकांनी टीव्ही बंद केला.

"तुम्ही कोणत्या टीममधून खेळायचे ते तुम्ही कधी सांगितलंच नाही. तिथे एका म्हाताऱ्याला तुमचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, हो, लेफ्ट बॅक ना? पण त्याला कमी ऐकू येते, पुढे काही सांगता आलं नाही त्याला. आता मी कोणासाठी बसू? नुसती दोघांसाठीही टाळ्या वाजवून आली. बरं दिसत नाही ते."

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. स्पीकर बंद करायचं त्यांना सुचलं नाही. "निळी," ते म्हणाले. "निळी आपली."

"मग ते हरले ना आज," काकू म्हणाल्या.

"हरू दे," काका म्हणाले. "मॅच कधी आहे पुढची?"

त्या आठवड्यात मी त्यांना निजामुद्दीनला सोडलं. सामान असं नव्हतंच. कुकर त्यांनी मला देऊन टाकला. गाडी हलताना ते दारात उभे राहून काहीतरी सांगत होते, बहुधा क्लच कमी दाबत जा असं, कारण ते नेहमी तेच सांगायचे. मग दिसेनासे झाले.

मी पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले आणि मला रडू फुटलं. त्याहून जास्त राग आला, आणि तो टीमचाच आला. मालक, कोच, तो मागे चेंडू ढकलणारा बॅक, सगळ्यांना मी बंद काचेच्या आत मनसोक्त शिव्या दिल्या. काकूंची एवढी वर्षं या लोकांनी खाल्ली. एकदा, फक्त एकदा नीट खेळले असते तर ही दोघं कधीच आपल्या घरी गेली असती. मी दिल्लीत आले त्याच्याही आधी. लिफ्टमध्ये मला कुठल्या म्हणून विचारायला कुणी नसतं. शनिवार-रविवार मी त्या खोलीत एकटीच बसले असते.

मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी गाडी काढली.